दोन ब्रेकांची गाडी

ब्रेकबाईंचा उजवा पाय कधीच त्यांच्या ताब्यात राहिला नाही. टीव्हीवर एखादी गाडी भरधाव आली की सोफ्यावर बसल्या जागी त्या फरशी दाबायच्या. बसमध्ये दाबायच्या, लेकीच्या स्कूटरवर मागे बसल्या तरी पायाखालचं लोखंड दाबायच्या. एकदा इमारतीची लिफ्ट जरा वेगात खाली आली तेव्हाही आईने पाय दाबला, असं लेक पाहुण्यांना रंगवून सांगायची. "मग थांबली की नाही?" एवढंच बाई विचारायच्या.

दोष बाईंचा नव्हता, धंद्याचा होता. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका लहानशा शाळेत त्या शिकवत. शाळा म्हणजे चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामधला एक अरुंद गाळा. भिंतभर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कडा तुटलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल. टेबलावर पांढऱ्या रंगाने चौक आखलेला. त्यावर खेळण्यातल्या गाड्या फिरवून बाई 'आधी कुणी जायचं' ते समजावून सांगत. बाहेर शाळेची गाडी उभी असे. तिला स्टिअरिंग एक, पण ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटपुढे, बाईंच्या पायाशी. म्हणून सगळं गाव त्यांना ब्रेकबाई म्हणायचं आणि त्यांनाही ते आवडायचं.

हा दुसरा ब्रेक दाबावा तर बाईंनीच. इतर शिकवणारे तो धाडकन मारतात. गाडी आचका देऊन थांबते, मागचा शिव्या घालतो, आणि शिकणारा असा घाबरतो की पुढचे आठ दिवस त्याच्या हातापायांना कंप. बाई तो इतक्या बेताने दाबत की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच दाबला. बाजूच्या पोराला त्या कौतुकाने म्हणायच्या, "छान थांबलास हो." पोरगं फुशारून जायचं. भीती बसली की माणूस शिकत नाही, असं त्यांचं मत होतं.

पण त्यांचा स्वभाव काही पायासारखा मऊ नव्हता. रस्त्यावर पाऊल टाकलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि जावी असाच रस्ता होता. सिग्नल पिवळा झाला की लोक थांबायच्या ऐवजी चेव आल्यासारखे सुटायचे. वळताना दिवा दाखवणं म्हणजे जणू घरातलं गुपित फोडणं. हिरवा लागायच्या आतच मागचा हॉर्न वाजवणार. पुढचा काय डोळे मिटून जप करतोय का? आणि शिकायला येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच म्हणणार: "बाई, परीक्षेपुरतं शिकवा. बाकीचं रस्त्यावर येतं."

"रस्त्यावर काय येतं?" बाई विचारायच्या. "रस्त्यावर ॲम्ब्युलन्स येते."

जीव ओतून शिकवायच्या. लोक पास व्हायचे, आणि मग घरचा कुणीतरी शहाणा त्यांना म्हणायचा, असं पुस्तकातलं चालवलंस तर घरी पोचणार नाहीस. आठ दिवसांत सगळं शिकवलेलं पालथ्या घड्यावर पाणी. एका निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांनी फार चिकाटीने तयार केलं होतं. ते एके दिवशी एकेरी रस्त्यावर उलट दिशेने आले, कानाला फोन, आणि बाई दिसताच आनंदाने त्यांनी दुसरा हात हलवला. त्या क्षणी स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं, ते देवालाच ठाऊक. बाईंनी त्यांना भर रस्त्यात थांबवून झाडलं. पोस्टमास्तर दुखावल्या चेहऱ्याने म्हणाले, "अहो बाई, इथून इथपर्यंतच तर जायचं होतं."

इथून इथपर्यंत. हे शब्द ऐकले की बाईंना वाटे, कुणाची तरी मानगूट धरावी. हेल्मेट नाही, कारण इथून इथपर्यंत. पट्टा नाही, कारण इथून इथपर्यंत. स्कूटरवर चौघे, कारण इथून इथपर्यंत. मग हॉस्पिटलच्या दारात हीच माणसं कपाळाला हात लावून बसणार, आणि नशिबाला दोष देणार.

एवढं सगळं खरं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो बाईंच्याच घरात होता.

बाईंचे यजमान शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. मुलं त्यांना व्हॅनकाका म्हणत, म्हणून मोठी माणसंही तेच म्हणू लागली. माणूस सोन्यासारखा. एखाद्या पोराची पाण्याची बाटली घरी राहिली तर थांबणार, रडणाऱ्याला कोडी घालून हसवणार. त्या व्हॅनवर घर उभं राहिलं होतं, लेकीचं शिक्षण झालं होतं. आता लेक नोकरी करत होती, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरीच राहत होती, आणि तिची पहिलीतली मुलगी आजोबांच्या व्हॅनमधूनच शाळेत जायची.

फक्त काका चालवायचे वाईट. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बोलायला. कोडं घातलं की उत्तर कोण देतंय ते बघायला मान मागे. वळणावर वेग कमी करणं त्यांना कमीपणाचं वाटे. हॉर्न दिला की आपलं काम संपलं, पुढचं समोरच्याने बघावं. लग्नानंतर काही वर्षं बाईंनी सांगून पाहिलं. काका हसत म्हणायचे, "तू पोरांना शिकव. माझ्या गाडीला अजून एक ओरखडा नाही." आणि ते खरंच होतं, नव्हता ओरखडा. शेवटी बाईंनी बोलणं सोडलं आणि त्यांच्या शेजारी बसणंही सोडलं. कुठे जायचं तर त्या बसने जात. अख्ख्या गावाला फाडफाड बोलणाऱ्या बाई या एका गोष्टीकडे कानाडोळा करत होत्या.

तर त्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी एका पालकाच्या गाडीने एका मुलीला घासलं. गुडघा सोलवटला, हात मुरगळला, निभावलं. पण गाव हादरलं, आणि हादरलेलं गाव जे करतं ते केलं: सभा घेतली.

सभा शाळेच्या सभागृहात. अध्यक्षस्थानी बाईंचे धाकटे दीर. हे भाऊजी रस्ता सुरक्षा समितीचे प्रमुख होते. वर्षातून एक आठवडा ते छातीवर बिल्ला लावून फिरत आणि चौकात फुगे सोडत. ते उभे राहिले आणि म्हणाले की मानसिकता बदलली पाहिजे. टाळ्या पडल्या. मग एक वडील म्हणाले, गतिरोधक घाला. दुसरे म्हणाले, गतिरोधकाने माझ्या मणक्याची वाट लागली. तिसरे म्हणाले, रस्तेच धड नाहीत. एक आई म्हणाली, लोक रस्त्याच्या मधून चालतात, त्यांना आधी शिकवा. चर्चा अशी रंगली की चहा आला, चहा संपला, तरी थांबेना. असल्या चर्चेत एक गंमत असते. चुकणारा माणूस तिथे कधीच हजर नसतो. तो नेहमी 'ते लोक' असतो, आणि ते लोक नेमके त्या दिवशी दुसरीकडे गेलेले असतात.

बाईंना बोलावलं होतं तज्ज्ञ म्हणून. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, बाहेर बघितलं आणि वळून म्हणाल्या, "ज्यांच्या गाड्या बाहेर फुटपाथवर आहेत त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

"मग फुटपाथ रिकामा असायला हवा. या, बघा बरं खिडकीतून. चालणाऱ्याला फुटपाथवर वाट नाही, म्हणून तो रस्त्याच्या मधून चालतो. आणि एक पांढरी गाडी तर मुलांनी रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरच उभी केलीय. रस्ता सुरक्षा समितीचं स्टिकर आहे तिच्यावर."

कुणीतरी खुसखुसलं. भाऊजी लाल झाले. "वहिनी, हा मुद्दा वेगळा आहे."

"मुद्दा तोच आहे, भाऊजी. त्याला चाकं आहेत आणि तो तुमचा आहे."

मग आवाज वाढले. 'आम्ही कामधंदे सोडून आलो' वगैरे सुरू झालं. शेवटी मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. आवाज थकलेला, पण निश्चयाचा. म्हणाल्या, "जगाचं राहू द्या. जे आपल्या हातात आहे ते करू. मुलांना ने-आण करणाऱ्या प्रत्येक व्हॅनचालकाची परीक्षा ब्रेकबाईंनी घ्यावी. त्या हो म्हणतील तेच सोमवारपासून मुलं आणतील. मी लेखी काही मागणार नाही. त्यांचा शब्द पुरे."

केवढ्या टाळ्या पडल्या. पडणारच, बसलेल्यांपैकी कुणाचीच परीक्षा नव्हती. फक्त मागच्या बाकावर व्हॅनकाका होते, आणि त्यांनीच सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने टाळी वाजवली. बायकोचा मान झाला म्हणून त्यांना मनापासून आनंद झाला होता. निघताना मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरची परीक्षा काय, नावापुरतीच." बाईंच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथेच राहिलं. रस्ताभर त्यांना स्वतःचा राग येत होता.

त्या आठवड्यात बाईंनी एकेका व्हॅनवाल्याला आपल्या दोन ब्रेकांच्या गाडीत बसवलं. बहुतेक जण बरे निघाले. एकाने बाहेरचे आरसे मिटून ठेवलेले असत. गर्दीत त्यांना धक्का लागतो म्हणून. म्हणजे आरसा वाचावा म्हणून मागचं बघायचं नाही. बाईंनी त्याला नापास केलं आणि आठ दिवस रोज सकाळी आपल्याकडे यायला सांगितलं. गरीब माणूस, मान खाली घालून म्हणाला, "येतो. पण बाई, काकांनाही असंच तपासणार ना?"

"असंच," बाई म्हणाल्या.

काकांचा नंबर शनिवारी सकाळी, सगळ्यांत शेवटी. इस्त्रीचा शर्ट घालून आले. पट्टा ओढून गळ्यात टॉवेल टाकावा तसा टाकला. बाईंनी नुसतं बघितलं, तेव्हा हसून तो लावला. "कुठे जायचं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"रोज जाता त्याच रस्त्याने चला. शाळेपर्यंत आणि परत."

निघाले. काकांच्या गप्पा सुरू झाल्या. अमक्याचा मुलगा, तमक्याचं दुकान. हात उठले की गाडी किंचित डावीकडे झुके. बेकरीच्या वळणाशी बाईंना कळलं की हे वेग कमी करणार नाहीत, आणि त्यांचा पाय आपोआप खाली गेला. हळूच, नेहमीसारखा. पाठोपाठ काकांचाही पाय पडला, पण उशिरा, आधीच दबलेल्या ब्रेकवर. गाडी अलगद वळली. पुढे दवाखान्याच्या गल्लीतून एक सायकल आली, तेव्हाही तेच. शाळेच्या पट्ट्यांवर एक आजी नातवाचा हात धरून उतरली, तेव्हा बाईंनी पाय चांगलाच दाबला. काकांनी त्यांना हाताने 'जा, जा' केलं आणि बाईंकडे बघून म्हणाले, "बघ, मी थांबतो की नाही लोकांसाठी?"

यांना कळलंच नव्हतं. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला आपण थांबलो नाही, आपल्याला थांबवलं, हे कळलं नव्हतं. आणि तसं कळू नये इतक्या बेताने दाबण्याचा बाईंनाच अभिमान होता.

गाळ्याशी परत आल्यावर काकांनी हात झटकले. "एक चूक काढून दाखव." बाई म्हणाल्या, "घरी बोलू." काका शीळ घालत पायीच पुढे गेले. बाई बाकीच्या शिकवण्या आटपून दुपारी उशिरा गाडी घेऊन घरी पोचल्या तर परीक्षेची बातमी त्यांच्याआधी पोचली होती. भाऊजी येऊन बसले होते. सभेतला राग विसरून म्हणत होते, "घरचा परीक्षक म्हटल्यावर काय, चित भी मेरी, पट भी..." आणि वहिनी दारात दिसल्या तसे थांबले. नात आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. लेकीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "आई, झाले ना बाबा पास?"

बाईंनी पाण्याचा पेला तसाच हातात धरला. एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं तर सोमवारी व्हॅन निघेल, पंचवीस-तीस वर्षं निघत आली तशी. नाही म्हटलं तर घरातल्या माणसाची मान गावापुढे खाली जाईल, आणि व्हॅन नसेल तर घर कशावर चालेल, हेही होतंच. बाईंना वाटलं, आपण त्या आरसेवाल्याला काय तोंड दाखवणार? मग वाटलं, तो आरसेवाला राहू दे. उद्या ती आजी आणि तो नातू पट्ट्यांवर उतरतील आणि शेजारी आपण नसू.

"नाही," बाई म्हणाल्या.

काका हसले. मग त्यांनी बायकोचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. "कशात नापास?"

"तुम्ही थांबत नाही. बेकरीपाशी मी ब्रेक दाबला. दवाखान्यापाशी मी दाबला. शाळेपाशी मीच दाबला."

"खोटं बोलतेस. मी दाबला."

"तुम्ही नंतर दाबलात."

"वहिनी," भाऊजी मध्ये पडले, "घरच्या घरी कशाला हे? एवढी वर्षं चालवतोय तो. कधी कुणाला धक्का लागलाय का? तुम्हाला माहितेय, आकडेवारी काय सांगते..."

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "यांनी कधी कुणाला धडक दिली नाही, कारण समोरचे थांबतात. सायकलवाला थांबतो, म्हातारी मागे सरते, दुसरा गाडीवाला ब्रेक मारतो आणि मनातल्या मनात शिवी घालतो. अख्खं गाव यांच्यासाठी ब्रेक मारतंय, आणि हे म्हणतात माझ्या गाडीला ओरखडा नाही. आज मीही तेच केलं. मला लाज वाटते. रोज लोकांना शिकवते, आणि स्वतःच्या माणसाला सांगताना माझी दातखीळ बसली. दुसऱ्याच्या पोराला नापास करायला मी पुढे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काकांचा चेहरा उतरला होता. पण माणूस मानी. त्यांनी चपला घातल्या. "चल. आत्ता चल. पुन्हा तोच रस्ता. आणि तू पाय लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

गाडीत बसताना बाईंनी पट्टा लावला, चपला काढल्या, आणि सीटवर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. काकांनी बघितलं. "हे काय?"

"माझ्या पायाचा मला भरवसा नाही."

संध्याकाळची वर्दळ सुरू व्हायची होती. काका सुरुवातीला फार जपून चालले. दात-ओठ खात, पण जपून. बेकरीच्या वळणावर वेग कमी केला आणि बाईंकडे बघितलं. बाई समोर बघत होत्या. दवाखान्याच्या गल्लीपाशीही कमी केला. मग मनातला राग बोलायला लागला. "जन्मभर मुलांना नेतोय. एका तरी आईने तक्रार केलीय? लोक माझ्या हवाली पोटचा गोळा करतात, आणि बायको म्हणते..." बोलता बोलता हात उठला, मान बाईंकडे वळली, आणि गाडी आपल्या रोजच्या चालीवर आली. बाईंना पुढे शाळेचे पट्टे दिसत होते. पट्ट्यांवर एक म्हातारा अंड्यांच्या ट्रेंनी भरलेली हातगाडी ढकलत निघाला होता, अर्ध्यात आला होता. बाईंचा पाय सुटायला धडपडत होता आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीशी दाबून धरला होता. "अहो, समोर," एवढंच त्या म्हणू शकल्या.

काकांनी ब्रेक मारला, धाडकन. गाडी चाकं घासत गेली आणि तिचं नाक हातगाडीच्या बाजूला लागूनच थांबलं. हातगाडी हेलकावली. वरचे ट्रे घसरले आणि अंडी फुटून बॉनेटवर, रस्त्यावर, म्हाताऱ्याच्या पायांवर पडली.

काकांनी सवयीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दिसत नाही का हो?"

म्हातारा पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध उभा होता. त्याने हातगाडी सोडून हात जोडले. "चुकलं, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही थांबाल."

काकांचं डोकं तसंच बाहेर राहिलं.

बाई अनवाणी खाली उतरल्या. त्यांना इतका संताप आला होता की रस्त्याचे खडे टोचलेलेही कळले नाहीत. "तुमचं काय चुकलं?" त्या म्हाताऱ्यालाच बोलल्या. "तुम्ही पट्ट्यांवर आहात. माफी का मागता? रोज कुणीतरी तुमच्या अंगावर येतं आणि तुम्हीच हात जोडता म्हणून ही माणसं अशी झाली." या बाई आपली बाजू घेतायत की आपल्यावर ओरडतायत, हेच म्हाताऱ्याला उमगेना. तो नुसता "बरं, बरं" म्हणत खाली बसला आणि न फुटलेली अंडी गोळा करायला लागला. बाईही बसल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे असं बघितलं की पहिला तरी गप्प झाला.

जरा वेळाने काका उतरले. त्यांनी ट्रे उचलून लावले, म्हाताऱ्याच्या हातगाडीला हात लावून ती पलीकडे नेऊन दिली, नुकसान भरून दिलं. म्हातारा जाताना पुन्हा एकदा 'माफ करा' म्हणाला, आणि काकांनी मान फिरवली. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली, शाळेच्या बंद फाटकाशी, आणि इंजिन बंद केलं. बॉनेटवरून बलक ओघळत होता.

"सकाळी इथे तूच दाबला होतास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलं मी."

"माहीत आहे."

"एकूण किती वेळा?"

"मोजलं नाही."

बाईंना वाटलं, आता हे रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं. पण काका म्हातारे दिसत होते. बाईंनाच राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हीही आठ दिवस या माझ्याकडे. त्या आरसेवाल्याबरोबर. शिकण्याला वय नसतं. मुख्याध्यापिकांना मी सोमवारी सांगेन, नीट शब्दांत सांगेन."

"सोमवारी नको. आत्ता फोन लाव."

"एवढी काय घाई?"

"व्हॅनमध्ये माझ्या शेजारी कोण बसतं, माहीत आहे तुला?"

बाईंना माहीत नव्हतं. मुलं मागेच बसतात, असं काकांनी सांगितलं होतं आणि बाईंनी ते मानलं होतं. किती वर्षांत त्या व्हॅनमध्ये डोकावल्या नव्हत्या.

"आपली नात," काका म्हणाले. "मागे बस म्हटलं तर रडते. म्हटलं, इथून इथपर्यंतच तर जायचं. तू सकाळी बसली होतीस ना, त्या जागेवर बसते ती. तिचे तर पाय खाली टेकतही नाहीत."

बाईंनी फोन लावला.